बारा नग, बिडाचे

पालिकेच्या वहीत नोंद आहे:
बागेतले दिव्याचे खांब, बिडाचे, नग बारा.
नवे साहेब म्हणाले, बीडचे? मग जालन्यात कसे?
मी म्हणालो, गाव नव्हे साहेब, धातू.
ओतीव. वाकत नाही.
मोडतं तेव्हा एकदम मोडतं.
ते म्हणाले, बरं, मोजून या.

एक, दोन, कारंज्यापाशी तिसरा.
कारंज्यात पाणी नाही, कुणाची तरी एक चप्पल आहे.
चौथ्याला दप्तर लटकतंय,
त्याच आडव्या दांडीला
जिच्यावर कधीकाळी शिडी टेकायची.

पाचवा मी किल्लीनं खरवडला.
वर चंदेरी, मागच्या निवडणुकीचा.
खाली हिरवा, पिवळा, परत हिरवा, मग शेंदरी,
आणि सगळ्यांच्या खाली ओतणाऱ्याचं नाव.
रंगानं इतकं बुजलंय
की डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं:
एक उभी रेघ, एक गोल.
लिपी कोणती तेही कळत नाही.

अकरा.
उलटीकडून मोजले. अकरा.

"काय हुडकायलास रे मघाधरनं?"
शेंगावाली इंदरबाई.
"बारावा? माझ्या बुडाखाली हाय की."
उठली. पोतं सरकवलं.
चार गंजके बोल्ट, मधे गोल भोक,
भोकात लिंबाचा पाला, टरफलं, एक रुपया.
रुपया तिनं आधी उचलला.

तकीउद्दीन बाकावर होते, निवृत्त लाईनमन.
म्हणाले, वावटळीत फांदी पडली त्याच्यावर.
दोन तुकडे. भंगारात गेला, किलोच्या भावानं,
तिकडं, भट्टीवर.
रात्री एमआयडीसीकडं आभाळ तांबडं दिसतं ना,
त्यात कुठंतरी.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं:
आजा माझा दिवाबत्तीवर होता.
खांद्यावर शिडी, हातात घासलेटचा डबा,
काच पुसायला जुन्या लुगड्याचं फडकं.
अकरा खांबांना अकरा काड्या.
बारावा वाऱ्याच्या तोंडी, तो दोन खायचा.
पालिका काड्या मोजून द्यायची,
तेरावी आजा घरच्या चुलीतली न्यायचा.
आजी रोज भांडायची.

मी विचारलं, आता कुठं असेल तो?
असंल, म्हणाले, कुणाच्या स्लॅबात,
सळई होऊन. आडवा.
अंधारातच की.

पावणेसातला अकरा दिवे आपोआप लागले.
ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं.
कुणी वर पाहिलं नाही.
दप्तरवाला पोरगा आला, उडी मारून दप्तर काढलं, पळाला.

वही मांडीवर घेतली.
नग: बारा, असं लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात खूप वेळ पेन अडलं.
मग लिहिलं:
पैकी एक, बसण्यासाठी वापरात.

इंदरबाईनं पोतं परत जागेवर ओढलं,
म्हणाली, झालं का तुझं?
आन् मूठभर शेंगा दिल्या.
पैसे घेतले.