लाल रंगाचा डबा

काम सोपं आहे. झाडाला मिठी मारायची,
फीत फिरवून घेर घ्यायचा,
छातीइतक्या उंचीवर साल खरवडायची
आणि लाल रंगात आकडा घालायचा.
आज चारशे सतरा. सापेली.

बोलुंबुमावशी खाली टोपली घेऊन उभी.
ऑगस्टात या झाडावरून अळ्या उतरतात,
त्या म्बांडाकाच्या बाजारात गेल्या
की तिच्या मुलीची फी भरते.
"किती आकडा दिलास याला?"
मी सांगतो.
तिला शंभरापर्यंतच मोजता येतं.
तेवढी झाडं तर, म्हणते, मी हाक मारून ओळखते.

किन्शासात एक नकाशा आहे.
त्यात आमचं गाव नाही, एक चौकोन आहे,
आणि चौकोनाच्या पोटात म्हणे तेल.
वरचं लाकूड एका कंपनीला, खालचं तेल दुसरीला.
मधली वीतभर माती आमची,
तीही कोणी मागेपर्यंत.

मुखियाला दोन सायकली मिळाल्या, मिठाची पोती,
शाळेसाठी पत्रे.
पत्रे आले. शाळा यायची आहे.
हे झाड आमचं की पलीकडच्या बोकेलेचं
यावरून मे महिन्यात दोन डोकी फुटली;
कंपनीने दोन्ही गावांकडून अंगठे घेतले.

निवडणुकीत होडीभर शर्ट आले होते,
पुढाऱ्याचा चेहरा छापलेले.
मावशी तोच घालून कसाव्यासाठी रान जाळते.
धुराने आधी त्याचे डोळे गेले, मग दात.
रेडिओवर मात्र तो ठणठणीत आहे:
जंगल कोण खातं? बायकांचा कोयता.
रात्री ओंडक्यांचे ट्रक जातात तेव्हा रेडिओ नीट ऐकू येत नाही.
ट्रक मी मोजत नाही.
मला पैसे झाडांचेच मिळतात.

मीही धुतल्या तांदळाचा नाही.
या डब्यावरच माझी मोटारसायकल चालते,
आईचं औषध चालतं.
कधी एखादं झाड मी बघितलंच नाही असं करतो.
एखादंच.

एक अळी, वेळेआधीच उतरलेली,
सातावरून चालत गेली. रंग ओला होता.
आकड्याबाहेर, सालीवर,
बारीक लाल ठिपके उमटत गेले,
कुठल्याच वहीत न बसणारे.

मावशीने ती चिमटीत धरली, शर्टाला पुसली,
टोपलीत टाकली.
"धुतली की खाता येते," म्हणाली,
आणि वर बघत राहिली,
अजून किती आहेत ते.