कोपर

रात्रपाळीहून आले की आप्पा विचारतात,
"बोलले का दोघं?"
दोघं म्हणजे भोकरपाड्याचा पंप
आणि आमच्या सेक्टरच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह.
मी महापेला काचेआड बसून
या दोघांच्या बोलण्याची किल्ली जुळवते.
साडेसहाला कोपरखैरण्याच्या नळाला धार येते,
ती रात्री त्यांचा एकमेकांवर विश्वास बसला म्हणून.

"पण किल्ली नेऊन देतं कोण?"
कोणी नाही, आप्पा.
मधे उघडी हवा, टॉवर, डोंगर,
कुणीही कान लावून बसावं.

आप्पांनी तेहतीस वर्षं वाशीच्या फळबाजारात पेट्या वाहिल्या.
त्यांना सौदा म्हणजे रुमाल ठाऊक:
दोन हात आत, बोटांवर बोटं,
चेहरे कोरे,
भाव फक्त कातडीला कळलेला.
"मग तुमचा रुमाल कुठाय?"

रुमाल नाही.
चपला न काढताच मी सांगत बसते:
दोघं आधी एक आकडा चारचौघांत बोलतात.
मग ज्याने त्याने पोटातला एक आकडा,
जो मेलं तरी सांगायचा नाही,
त्यात घालून कुटायचा.
कुटलेलं समोरच्याला द्यायचं, सगळ्यांदेखत.
आईने डंकावरून आणलेला मसाला बघा,
वास अख्ख्या गल्लीला,
पण त्यातली मिरची परत सबंध निघते का?
समोरचा त्यात आपला आकडा घालून पुन्हा कुटतो,
इकडे हाही तसंच,
आणि दोन्ही डब्यांत चव एकच.
ती किल्ली.
बोलणं संपलं की टाकून द्यायची. उद्या नवी.

आप्पा चहा बशीत ओततात.
"कोपर दिसतं का?"

कोपर?

"रुमालाखाली बोटं झाकतात गं, कोपर कोण झाकतं?
शेट पाच दाबायचा तेव्हा ही इथली शीर उठायची.
शंभर सोडले की खांदा पडायचा.
थप्पीवर उभा राहून मी भाव वाचायचो,
पेपर वाचावा तसा."

गेल्याच महिन्यात तीन रात्री जागून
आम्ही व्हॉल्व्हमधली एक चिप बदलली.
काही आकडे कुटताना तिला
केसाएवढा वेळ जास्त लागायचा,
आणि तेवढ्यावरून कुणीतरी
पोटातला आकडा बाहेर काढला असता.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव दीड ओळीचं आहे.
कोपर दिसत होतं, आप्पा.

"तुम्ही कुणाला सांगितलंत कधी? भाव?"

बशी बराच वेळ फिरते.
मग गिर्याचे पुरळकर येतात,
धोतर, हातात छत्री, हापूसच्या चाळीस पेट्या.
शेटचा एक रुमाल गिऱ्हाइकाशी,
मग तोच रुमाल पुरळकरांशी.
"तिकडे अकराशे दाबले. इकडे सातशे.
पुरळकर हसले. जाताना मला एक आंबा दिला."
मग?
"मग काय. पेट्या उचलल्या."

आमचं सगळं भय याच एका माणसाचं.
मधला. दोन्हीकडे हात,
दोन्हीकडे वेगळा आकडा,
आणि दोघांना वाटतं आपण एकमेकांशीच बोललो.
मी घाईने म्हणते, त्यावर उपाय आहे,
तिसरा कुणीतरी सही करतो,
हा पंप खरंच पंप आहे म्हणून.
साक्षीदार असतो.

"होता की," आप्पा म्हणतात.

मोरीत पाणी आलं.
आईने हंडा लावला, त्याचा रिकामा आवाज
हळूहळू भरत वर चढत गेला.
आप्पांनी हात मांडीवर घेतला,
अंगठा पेरांवरून सरकवत राहिले,
वर काही न झाकता.

"सोळा हजार होतात," म्हणाले.