मान वाकव

गिऱ्हाइकाला आरशात तोंड दिसतं,
माझ्या वाट्याला येतात भोवरे.
मोहखारीत तीस वर्षं कैची चालवतोय,
डोक्स कोनाचं, मागूनच सांगतो.
लोमेश कापगतेला दोन.
दोन भोवऱ्यांच्या पोराचं दोनदा लगन होते म्हणतात.
त्याचं एकदा ठरलं होतं; तेवढ्यात करार आला.

पहिल्यांदा बसला तेव्हा खुर्चीच्या हातांवर
आडवी फळी टाकली होती मी.
मग सातवीत, तालुक्याच्या शाळेतून
भेंडारकर सर एक चेंडू घेऊन आले,
गोल नाही, लांबही नाही,
मांडवावरून अर्धवट तोडलेलं डांगरच जणू.
चिखलणी झालेल्या बांधीत पोरं सोडली
अन् नियम सांगितला :
पळायचं पुढं,
द्यायचं मागच्याला.
हसून हसून पोट दुखलं गावाचं.
आमच्यात आजवर मागच्याला कोनी काय देल्लं?

तो गेला. पुणे, कोलकाता,
मग कोलंबोच्या कुठल्याशा क्लबात दोन हंगाम, पगारावर.
राईस मिलच्या फलाटावर बाप म्हणाला,
"मी पोतं उचलतो तं रोजी भेटते.
तू मानसं ढकलतो त्याचा पगार?"
पैसे मात्र वेळेवर यायचे. टिनाचं छप्पर जाऊन स्लॅब आला.

माझ्याकडं यायचा मंडईच्या दिवसांत.
मी वर्तमानपत्र वाचत नाही,
त्याचं डोक्स वाचायचो.
एका साली भुवईवर सात टाके.
एका साली नाकाचा दांडा सरकलेला.
मग डावा कान. मिटून गेला होता,
फुलकोबीचा गड्डा,
वस्तरा फिरवायला कड सापडेना.
"दुखते का गा?"
"नाई काका. आयकू कमी येते.
गावात आलो का बरंच आहे थे."
मान तर अशी की
जू ठेवलं असतं तर शंकरपटात पहिला आला असता.

मोबाइलमध्ये दाखवलं एकदा.
आठ इकडचे, आठ तिकडचे,
डोक्यात डोकी घालून
खेकड्यासारखं एक जनावर उभं.
"यात तू कोनता?"
"दिसत नाई मी. मधातला.
दोघांच्या खांद्यावर हात टाकून लोंबतो,
पायानं चेंडू मागं वढतो. हुकर म्हनतेत."
मग कोणीतरी पळत सुटलं
अन् चेंडू भुईला टेकवला. पाच गुण, म्हणाला.
समोरून रोवणाऱ्या बाया जात होत्या.
मी म्हटलं, यायचे आजचे किती झाले?
इतका हसला की कैची थांबवावी लागली.

शेवटच्या हंगामात डोक्याला तिसऱ्यांदा लागलं.
वरून काहीच दिसत नव्हतं,
टाका नाही, खोक नाही. मी बोटांनी चाचपून पाहिलं.
डॉक्टर म्हणाले म्हणे, पुरे.
आता इथंच असतो. धान निघालं की
कोरड्या बांधीत पोरं खेळवतो,
नावं विसरतो त्यांची,
टोप्यांच्या रंगावरून हाका मारतो.

काल पैसे देऊन बाहेर गेला,
निंबाखाली उभा राहिला,
परत आला. "काका, पैसे देयाचे रायले."
मी घेतले.
त्याच्या घरी वहिनीकडं पोचवून देईन सांजच्याला,
तिसरी खेप आहे.

पण एक सांगतो.
मानेवरचे केस काढायला मी म्हणतो, मान वाकव.
लोक हनुवटी छातीला लावतात, झालं.
तो दम घेतो.
पाय रोवतो फरशीत.
पांढऱ्या कापडाखालून
दोन्ही हात हळूहळू वर उठतात, पसरतात,
इकडं एक, तिकडं एक,
खांदे शोधत.
मी वस्तरा बाजूला धरून
थांबून राहतो.