नमुना क्रमांक एकोणीस

दसकच्या पुढे, पुलाखाली जिथे फेस साठतो,
तिथून दोन फर्लांगावर आमचा दवाखाना.
मी रक्त तपासते, लघवी तपासते,
आणि हल्ली जास्त करून
काड्यापेटीतून आणलेला मैला.
(आम्ही डब्या देतो. लोक काड्यापेटीच आणतात.)

भिंगाखाली जंताचं अंडं सुंदर दिसतं.
पित्ताने रंगलेलं, मधाच्या रंगाचं,
कडेने उंचवटे, सीताफळासारखे.
हे मी कुणाला सांगत नाही.

कडूबाई पेखळे, वय बेचाळीस,
हिमोग्लोबिन साडेसहा.
तळपायाला भेगा, बोटांच्या बेचक्यांत पुरळ.
"रातीला आग व्हते, ताई. पाय पाण्यात घालून बसते."
कुठल्या पाण्यात, मी विचारलं नाही.

तिच्या वाफ्यावर गेले होते एकदा, गमबूट घेऊन.
सरकारी, नऊ नंबरचे.
इंजिन धडधडत होतं. पाइपच्या तोंडातून
काळं, कोमट पाणी पडत होतं
आणि त्याला शाम्पूचा वास होता, खोटं नाही सांगत.
कोथिंबीर मात्र गुडघ्याला टेकलेली,
युरियाचा एक दाणा न टाकता.

ती म्हणाली,
कालव्याचं आवर्तन चुकतं, नाला चुकत नाही.
एप्रिल असो का दिवाळी,
तुमचं नाशिक सकाळी उठतं
आन् आमच्याकडं पाणी येतं.
मग हसली. मीही हसले.
इंदिरानगरला राहते मी, तिसऱ्या मजल्यावर.

गमबूट पहिल्याच दिवशी चिखलात रुतले.
एकात आता मिरचीचं रोप आहे.

निघताना तिने दोन जुड्या पिशवीत कोंबल्या.
नको म्हणायला हवं होतं.
पण तिच्या तोंडावर, तिच्याच बांधावर उभं राहून
नको म्हणणं
कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
घरी तीनदा धुतली. मिठाच्या पाण्यात ठेवली.
तरी कचऱ्यात टाकली, वर वर्तमानपत्र झाकून.

आणि रविवारी भावजयीबरोबर मिसळ खाल्ली.
वर शेव, कांदा, मूठभर हिरवंगार.
ते कुणाच्या वाफ्यातलं, कुणी विचारत नाही.
मीही लिंबू पिळून मोकळी झाले.

दोन-अडीच महिन्यांनी पोट दुखायला लागलं.
त्या सोमवारी रजिस्टरात अठरा नमुने होते.
एकोणिसाव्या ओळीत मी माझं नाव लिहिलं,
आधी आडनाव, नियमाप्रमाणे.
पिण्याचं पाणी: नळ.
व्यवसायाच्या रकान्यात थोडा वेळ पेन थांबलं.
काच. थेंब. झाकणकाच.
भिंग हळू फिरवलं.

सीताफळ.

गोळी एकच, चावून खायची.
बाहेर बाकावर कडूबाई रिपोर्टसाठी बसलेली,
पाय बाकाखाली ओढून.
मी पाकिटातून दोन काढल्या.
तिने माझ्याकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं,
काही विचारायचं होतं ते विचारलं नाही.
"कडू असती का?"
नाही, मी म्हटलं. संत्र्याची चव आहे.