मशीनमध्ये टिकेल का

दालकावेच्या बाजारात, बोटींच्या धक्क्याला लागून,
ओतिलियाच्या लडी टांगलेल्या:
झाडावरच्या शेवाळाची पिवळी, कांद्याच्या सालांची तांबूस,
आणि एक करडी, रंग न लावलेली,
मेंढीनं दिली तशी.
हात लावला की बोटं तुपकट,
वर चुलीच्या धुराचा वास.

मशीनमध्ये टिकेल का गं, मी विचारलं.
ती हसली.
चाळीस वर्षं सूत काततेय,
हे कुणी विचारलं नव्हतं.

आमचा फाउस्तिनो साल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला.
चौदा जणांत एक मशीन,
कढत पाण्याशिवाय दुसरं बटण चालत नाही.
मागचं पांघरूण परत आलं
तेव्हा मांजराला पुरेल एवढं उरलं होतं.

म्हणून समोरच्या दुकानात गेले.
अ‍ॅक्रेलिक, निळं,
आमचा समुद्र इतका निळा कधीच नसतो.
बारा गुंडे. टाके मोजले, पैसे मोजले,
पिशवी शालीखाली घेतली
आणि दुसऱ्या बाजूनं निघाले.

ओतिलियानं हाक मारलीच.
मावसबहीण ती, तिच्यापासून काय लपणार.
पिशवीत हात घालून चाचपलं.
"बोचणार नाही," एवढंच म्हणाली.
मग ती करडी लड काढून माझ्या हातात कोंबली.
"नाकाशी येतो त्या काठाला घाल.
धुताना उसवून ठेवायला सांग त्याला."

उसवायला!
त्या पोराला शर्टाचं बटण लावता येत नाही.

रात्री क्रोशाची सुई घेतली
आणि सुरुवात काठापासूनच केली.