गुरबेची रोजकीर्द

शके सतराशे वीस, माघ वद्य तृतीया.
गिर्ये गोदीत पठाण बसवला.
नारळ एकवीस, कोंबडा एक,
मेस्त्री भिकू यांस रोज पावणेदोन आणे, शेरभर तांदूळ.
मोडीतली ही ओळ मला एका मास्तरांनी वाचून दिली.
भिकू आमचा. सातवा की आठवा, यावर घरात वाद आहे.

साग घाटातून उतरला,
खारेपाटणहून ओहोटीबरोबर खाली आला.
फटींत काथ्या, वर राळ, उंडीचं तेल.
तीन डोलकाठ्या, तोफा अठ्ठावीस.
नाव ठेवलं समशेरजंग,
पण खलाशी तिला थोरली म्हणत,
घरातल्या बाईला म्हणावं तसं.

मी वहीत लढाई शोधत होतो.
दारू इतके मण, गोळे इतके, शिडाला कापड,
मग पुन्हा तांदूळ, पुन्हा काथ्या,
पुन्हा 'खलाशांचा पगार थकला, समजूत काढली.'
कशाने काढली, ते लिहिलेलं नाही.

एकदाच, पंचवीस सालच्या कार्तिकात,
बाहेर दोन परकी जहाजं एकमेकांवर पेटली.
एक टोपीकराचं, एक फरांसिसाचं.
सारंग पुताजीने पुसलं, आपण कोणाचे?
किल्ल्यातून उत्तर येईतो भरती ओसरली.
थोरली खाडीतच उभी, तोंड दर्याकडे.
हसन गोलंदाज रात्रभर वात धरून बसला,
पहाटे तिच्यावरच त्याने चिलीम पेटवली.
खर्च: वात चार हात, तंबाखू पावशेर.

चाळीस साली किल्ल्यावरचा बावटा बदलला.
लिलाव झाला.
मिठाच्या व्यापाऱ्याने घेतली, तोफा वगळून.
सतरा वर्षं तिने मीठ वाहिलं,
एकही गोळा न खाता
आतून पांढरी होत गेली.
पुढची पानं कसरीने खाल्ली आहेत.

मी फायबरच्या होड्या ओततो.
साचा, रेझिन, सहा दिवसांत एक. वास डोक्यात जातो.
शेडच्या दारावर एक आडवं लाकूड आहे,
वाकलेलं, खिळ्यांच्या भोकांचं,
कुठल्याच दाराच्या मापाचं नाही.
बाबा म्हणायचे, थोरलीची फासळी.
पुरावा काही नाही.

पण पावसाळ्यात, पत्रा गळत नसतानाही,
त्याला घाम सुटतो.
एकदा कामगार जेवायला गेले होते,
स्टुलावर चढून मी जीभ लावून पाहिली.
मग उतरलो,
आणि रेझिन घट्ट व्हायच्या आत ढवळायला घेतलं.