सूर

सुवर्णमहोत्सवी अंकात ते दीड ओळीत आहेत:
'वा. गो. टिपणीस. आट्यापाट्यांचे खेळाडू, पुढे कॉलेजचे शिक्षक, सहा वर्षे.
सामने एकतीस, जिंकले अठरा, हरले बारा.'
एक बरोबरीत सुटला होता, तो छापायचा राहिला.
मुद्रितं मीच तपासली होती.

सूर धरायचे.
आडव्या पाट्या बाकीच्यांच्या,
ही एकच उभी, मैदान मधोमध चिरत गेलेली,
झारीनं पाणी ओतून आखलेली,
आणि तिच्यावर हा काटकुळा माणूस,
दांडिया बाजारात रॉकेलच्या दुकानी दिवसभर उभा,
रात्री चांदण्यात पुन्हा उभा.
हाताला वास तोच.
धावणारे म्हणत, टिपणीस आधी नाकाला कळतो,
मग पाठीला.

नाशिकला गुडघा गेला.
टक् असा आवाज झाला तो पलीकडच्या झाडाखाली ऐकू आला म्हणे.
उचलून नेलं, तेव्हा ओल्या रेघेवर
दोन्ही पावलं उमटलेली होती. बाहेर एकही नाही.

मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी पंधरा रुपयांवर बोलावलं.
आम्हाला वाटलं, डाव शिकवतील, हुलकावण्या.
आठवडाभर नुसत्या झाऱ्या दिल्या हातात.
रेघ वाकडी पडली की काठीच्या टोकानं पुसायचे
आणि सूरसागराच्या दिशेला बघत बसायचे,
आम्ही परत पाणी आणेपर्यंत.

सुरतेचा सामना.
त्यांचा गडी लोण घेऊन परतत होता, शेवटची पाटी,
आणि आमच्या धनसुखनं हात वर केला: लागला!
पंचांनी मान डोलावलीसुद्धा.
मास्तर काठी टेकत आत आले. सावकाश. फार सावकाश.
'नाही लागला. मी इथून बघितलं.'
आम्ही हरलो ते असे.

गाडीत कुणी बोलेना.
भरूचला उतरून त्यांनी खारी शिंग घेतली,
नऊ पुड्या, पदरच्या पैशानं,
पहिली धनसुखच्या मांडीवर टाकली.
'घे. लोण.'
तो हसला की रडला, मला दिसलं नाही,
मी खिडकीशी होतो.

दोन वर्षांनी मैदानावर रोलर फिरला. क्रिकेट आलं.
मास्तर परत दुकानात.

आकडे विचारायला गेलो तेव्हा
रावपुऱ्यातल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मला काय सुचलं कोण जाणे, या वयात,
चपला जिन्यातच काढल्या, श्वास धरला,
भिंतीला घासून आत सरकू लागलो.
हात आला. कोपराला.
'लागला,' म्हणाले. 'आता बोल, कोण तू?'

जिंकलेले त्यांना आठवत नव्हते, ते मी रजिस्टरातून काढले.
बरोबरीचा मात्र त्यांनी तासभर सांगितला,
अंकलेश्वरचा, कुठल्या पाटीवर कोण उभा होता तो,
ऊन कुठून येत होतं.

अंक छापून दीड महिना झाला.
त्यांची प्रत माझ्या टेबलावर आहे.
खोलीला दार एकच, आणि त्यात ते बसलेले.